त्रिंबक बेलिफांचं सह्यांचं रजिस्टर

अभयनं ती सही केली तेव्हा त्याच्या एका हातात जेवणाचा डबा होता, कान आणि खांद्याच्या मध्ये मोबाइल होता आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर शेंद्र्याला जाणारी कंपनीची बस हॉर्न वाजवत उभी होती. शेजारचे हिवराळे काका रजिस्टर घेऊन फाटकापाशी आले होते. "आरं, दोन मिन्टं थांब. पंच म्हणून सही कर अन् जा," असं म्हणत त्यांनी पान उघडून धरलं. तेवढ्यात त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. तो सावरायला त्यांनी हात काढला, वाऱ्यानं पानं फडफडत पार पहिल्या पानापर्यंत उलटली आणि अभयला समोर एक रिकामा रकाना दिसला.

अभय कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. दिवसाला दीडशे कागदांवर त्याच्या सह्या होतात. रिकामा रकाना दिसला की त्याचा हात डोक्याला न विचारता चालतो. तो चालला. शेवटी खाली दोन रेघा ओढलेली चांगली ऐसपैस सही झाली आणि अभय बसकडे पळाला.

खिडकीतून त्यानं पाहिलं तर काका फाटकापाशी तसेच उभे. त्यानं हात हलवला. काकांनी हलवला नाही. चष्मा अजून सापडला नसेल, असं म्हणून अभयनं डोळे मिटले आणि शेंद्र्यापर्यंत छान झोप काढली.

त्रिंबक हिवराळे हे जिल्ह्याच्या कोर्टातले निवृत्त बेलिफ. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन लोकांच्या दारात जाणारा आणि 'मिळालं' म्हणून सही आणणारा माणूस. चौतीस वर्षं काकांनी हे काम केलं. ह्या चौतीस वर्षांत त्यांना बघून आनंद झालेला माणूस एकही नाही. कन्नडच्या बाजारात त्यांची सायकल दिसली की दोन-चार दुकानांची शटरं खाली यायची. एका गावात तर एक जण त्यांना बघून कणगीत शिरला होता. काका कणगीशेजारी बसून राहिले, घरच्यांनी दिलेला चहा प्याले आणि शेवटी कणगीलाच म्हणाले, "भाऊ, जिवाला जप, पन सही दे." आतून एक हात बाहेर आला. त्या हातानं सही केली.

अशा माणसाला नटनट्यांच्या सह्या जमवायचा नाद होता. इतर लोक सह्यांसाठी गुळगुळीत पानांची छोटी वही ठेवतात. काकांचं होतं रजिस्टर. लांबडं, कापडी पाठीचं, लाल दोरीनं बांधलेलं. त्याला सात रकाने होते: अनुक्रमांक, इसमाचे नाव, दिनांक व वेळ, ठिकाण, सही, पंचाची सही, शेरा. नट कितीही मोठा असो, काकांच्या लेखी तो 'सदर इसम'. सही समक्ष घेतलेली असली पाहिजे आणि त्याला पंच पाहिजे. पंच बहुतेक वेळा गीताबाई असायच्या, म्हणजे काकू. त्या बिचाऱ्या नाटकाला नऊवारी नेसून जायच्या आणि मध्यंतरात मेकअपच्या खोलीबाहेर उभं राहून साक्षीदाराची सही करायच्या. काकू दौलताबादला बहिणीकडे गेल्या असल्या की पंच म्हणून अभय. सही आधी घेऊन ठेवायची आणि पंचाला नंतर घरी गाठायचं, एवढी एक ढिलाई काकांनी स्वतःला दिली होती, आणि तिचंही त्यांना वाईट वाटायचं.

खरी गंमत शेऱ्याच्या रकान्यात. 'इसम समक्ष मिळून आला. वागणूक गोड. उंची पडद्यापेक्षा कमी.' 'सही देण्यास टाळाटाळ. तिसऱ्या फेरीत दिली.' 'इसम गाडीत झोपलेला मिळून आला. उठवले नाही. सबब परत.' एकदा वेरूळकडं कसलंसं शूटिंग होतं आणि एक मोठा नट काही केल्या गाडीबाहेर येईना. काकांनी दोन तास वाट पाहिली आणि मग सवयीनं जे करायचं तेच केलं. सहीची विनंती लिहिलेला कागद त्यांनी त्या गाडीच्या दारावर खळीनं चिकटवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि शेरा मारला: 'दारावर चिकटवून बजावणी केली.' त्या नटाच्या ड्रायव्हरला तो कागद खरवडायला पाऊण तास लागला म्हणतात.

मोबाइलवर फोटो काढावा तर ते काकांना पटायचं नाही. "फोटो काय, पुतळ्यासंगंबी निघतो," ते म्हणायचे. "सही द्यायला मानूस जित्ता लागतो."

संध्याकाळी अभय घरी आला तर फाटकात काकू उभ्या. त्या दुपारीच बहिणीकडून परतल्या होत्या.

"काय केलंस रे बाबा तू?" काकू म्हणाल्या. "मानूस सकाळपासून जेवलं नाय."

"मी काय केलं?"

"एक नंबरच्या रकान्यात सही केलीस. तिथं सत्तावीस वर्सं कुनी बोट लावलं नव्हतं. मी बी नाय."

मग पायरीवर बसून काकूंनी जे सांगितलं, ते असं.

सत्तावीस वर्षांपूर्वी करुणा राजूरकर नावाची एक नटी नाटकाच्या दौऱ्यावर इकडं आली होती. काका तिचे भक्त. तिच्या नाटकाला ते तीन-तीनदा जायचे आणि तिसऱ्या वेळीही नव्यानं रडायचे. आदल्या वर्षीच्या दौऱ्यात नाटक कंपनीच्या बसनं कन्नडच्या घाटाखाली एका ढाब्याची भिंत पाडली होती. ढाबेवाल्यानं दावा लावला. बाई बसमध्ये पुढच्याच सीटवर होत्या, म्हणून साक्षीदार म्हणून त्यांच्या नावानं समन्स निघालं, आणि ते बजावायला कोर्टानं पाठवलं कुणाला, तर त्रिंबक हिवराळे यांना.

स्टेशनजवळच्या लॉजवर काकांनी दार वाजवलं. दार बाईंनी स्वतः उघडलं. गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा पेला. काकांनी आयुष्यात कलेक्टरच्या बंगल्यावर समन्स दिलं होतं, तिथं त्यांची जीभ अडली नव्हती. इथं अडली. "सही पायजे व्हती," एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, आला कुणीतरी चाहता. "नाव काय तुमचं?" त्यांनी विचारलं, कागद भिंतीला टेकवला आणि समन्सच्या कोर्टाकडं परत जाणाऱ्या प्रतीवर लिहिलं: 'त्रिंबकराव, लोभ असावा.' खाली झोकदार सही. दुसरी प्रत काकांनी घडी घालून हातात ठेवली, ती बाईंनी चाहत्याचं पत्र समजून न वाचताच मेकअपच्या पेटीत टाकली. काकांनी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. जिना उतरताना ते तरंगत उतरले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात ती प्रत टेबलाटेबलांवरून फिरली. बेलिफांचे साहेब, म्हणजे नाझर, म्हणाले, "हिवराळे, ही बजावणी आहे का लग्नपत्रिका?" काका त्याचंही काही वाटून घेणारे नव्हते. पण तारखेच्या दिवशी बाई आल्या. पत्र समजून ठेवलेलं समन्स त्यांनी कधीतरी उघडलं असणार. मुंबईहून रात्रभर बसनं येऊन त्या सकाळी दहाला कोर्टाच्या बाकावर बसल्या, तर त्या दिवशी जज्जसाहेब रजेवर. संध्याकाळी त्यांना पुढची तारीख मिळाली. जाताना व्हरांड्यात काका समोर आले. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सही छान घेतलीत."

"तवापासून," काकू म्हणाल्या, "ह्यांच्या छातीत ते वाक्य रुतलेलं हाय. त्याच आठवड्यात रजिस्टर आनलं. एक नंबरला तिचं नाव लिवलं अन् सहीची जागा रिकामी सोडली. म्हनले, ती सही कोर्टाची व्हती, अन् फसवून घेतलेली व्हती. आता सांगून घेईन. दोनदा बाई नाटकाला आल्या. दोनदा हे मेकअपच्या खोलीच्या दारापातुर गेले अन् माघारी आले. दाराला हात लावायचा धीर झाला नाय. चौतीस वर्सं दारंच वाजवली की रे ह्या मानसानं!"

अभयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्या रजिस्टरात अनुक्रमांक एक, इसमाचे नाव श्रीमती करुणा राजूरकर, सही अभय, खाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी तो व्हाइटनरची बाटली घेऊन गेला. काकांनी बाटलीकडं असं बघितलं, की जणू त्यानं कीटकनाशक आणलंय.

"रजिस्टरात खाडाखोड?"

"काका, पण हे काय सरकारी रजिस्टर थोडंच आहे?"

"सवय सरकारी हाय," काका म्हणाले आणि आत गेले.

पान फाडण्याची कल्पना अभयच्या ओठांवर आली होती; मागं उभ्या काकूंनी डोळे मोठे करून ती परत पाठवली.

आठ दिवस काका अभयच्या ओट्यावर पेपर वाचायला आले नाहीत. आठ दिवस अभयनं कंपनीत सही करताना प्रत्येक रकाना दोनदा वाचला. त्याच्या साहेबांनी त्याबद्दल त्याचं कौतुकही केलं. नवव्या दिवशी बसमध्ये शेजारच्यानं मोबाइल पुढं केला. 'चाहता महामेळावा. पडद्यावरची माणसं, तुमच्या शहरात.' बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर, रविवारी. मालिकांमधल्या आजच्या सुना, सासवा, खलनायक यांचे मोठाले चेहरे, आणि खाली कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा, पांढऱ्या केसांचा एक फोटो: ज्येष्ठ अभिनेत्री करुणा राजूरकर.

अभयनं बसमध्येच दोन पास काढले.

"मला नाय यायचं," काका म्हणाले. "कोन्त्या तोंडानं जाऊ? येक जागा धरून ठिवली व्हती, ती बी गेली."

"काका, जागा माझ्यामुळं गेली. मीच घेऊन जाणार."

काका खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले. मग काकूंनी सूत्रं हातात घेतली. "लोकांच्या दारावर समन्स चिकटवीत फिरला ह्यो मानूस," त्या अभयला म्हणाल्या, पण आवाज खाटेकडं, "अन् सवताला येका बाईम्होरं हुभं ऱ्हायचं तर पाय लटपटतेत. ऱ्हाऊ दे बाबा. रजिस्टर देते रद्दीत. किलोला काय भाव चालू हाय रे?"

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकात उभे होते. अभयच्या स्कूटरवर दोघांच्या मध्ये, तिसऱ्या माणसासारखं, रजिस्टर बसलं.

लॉन्सवर जत्रा भरली होती. मनगटाला कागदी पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नव्हते. सगळ्यात मोठी रांग एका खाष्ट सासूसमोर होती आणि त्या रांगेतल्या बाया सही घ्यायच्या आधी तिला यथेच्छ झापून घेत होत्या. खलनायकाला एका आजीनं काठी दाखवली. त्यानं वाकून नमस्कार केला, तशी आजीच ओशाळली. करुणाबाईंची रांग टोकाला, कडुनिंबाखाली होती. सगळे पन्नाशीच्या पुढचे. तिथं कुणी आरडाओरडा करत नव्हतं. लोक शर्टाच्या बाह्या नीट करत उभे होते.

काकांचा नंबर एकसष्ट. चाळिसापर्यंत ते ठीक होते. पंचेचाळिसाला त्यांनी अभयला विचारलं, "पानी हाय का?" पन्नासला म्हणाले, "आपन परत गेलो तरी चालंल." पंचावन्नला अभयनं त्यांच्या शर्टाचं टोक मागून धरून ठेवलं.

रांगेच्या तोंडाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली अपेक्षा नावाची कार्यकर्ती होती. "अंकल, एका माणसाला एक मिनिट. सही फक्त आमच्या कार्डवर. बाहेरची वही चालत नाही."

"पोरी, ही वही नाय. हे रजिस्टर हाय."

"ते पण नाही चालत, अंकल."

अभय भांडायच्या तयारीनं पुढं सरला. पण काका मान हलवून म्हणाले, "नियम हाय तर हाय." आणि ते खरंच रजिस्टर पिशवीत परत ठेवायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटकासुद्धा दिसली.

"थांबा हो," टेबलामागून आवाज आला. करुणाबाई चष्मा नाकावर ओढून पिशवीकडं बघत होत्या. "ती दोरीची गाठ कोर्टातली ना? फाइल बांधायची?"

काकांचा हात गाठीवर गेला.

"सहा वर्षं मालिकेत वकिलीण होते मी. अशा गाठी सोडण्यात नखं गेली माझी. आणा इकडं."

काकांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. ते सरळ उभे राहिले, कोर्टात उभं राहतात तसे, हात बाजूला.

"बाई, मी त्रिंबक हिवराळे. बेलिफ. रिटायर. सत्तावीस वर्सांमागं लॉजवर तुमची सही घेतली व्हती. समन्स व्हतं. तुमाला वाटलं, चाहता हाय. मी सांगितलं नाय. तुमी रात्रभर बसनं आल्या, दिवसभर बाकावर बसल्या. ते सांगायला आलो. सही नाय दिली तरी चालंल."

एवढं बोलून त्यांनी श्वास सोडला. सत्तावीस वर्षं धरलेला होता तो.

करुणाबाईंनी टेबलावर हात मारला. "ढाब्याची भिंत!" त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही होय ते! मला वाटलेलं, आला कुणी चाहता."

"व्हय. तेच."

"मग चाहते नव्हता का?"

काकांनी मान खाली घातली. "व्हतो."

"मग फसवलं काय त्यात?"

सगळी कलमं पाठ असलेला माणूस, पण ह्याला कलम नव्हतं.

"आणि ऐका," बाई म्हणाल्या, "त्या बाकावर दिवसभर मला काही काम नव्हतं, म्हणून ऐकत बसले. कोण काय म्हणतं, पुकारा कसा होतो, कारकून कसे कावतात. पुढं वकिलीण झाले ती त्या एका दिवसाच्या भांडवलावर. लेखकाला तर बेलिफ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं."

"'बेलिफाचा अहवाल वाचलात का?'" काका एकदम म्हणाले. "बुधवारचा भाग. मी खुर्चीतून उठलो व्हतो तवा. टीव्हीवर कुनी पयल्यांदा आमचं नाव घेतलं."

"ती ओळ मीच घालायला लावली," बाई म्हणाल्या.

"अंकल, मिनिट झालं," अपेक्षा म्हणाली.

"आवो बाबा," मागून नंबर बासष्टची बाई ओरडली, "सही घेताय का सातबारा काढताय?"

पण करुणाबाईंनी तोवर दोरी सोडली होती. काका घाईनं म्हणाले, "शेवटच्या पानावर करा. दोनशे चौदा नंबर." तर त्यांनी उघडलं पहिलंच पान. नाव वाचलं. सही वाचली. चष्म्यावरून विचारलं, "आणि हा अभय कोण?"

काकांनी हनुवटीनं दाखवलं. अभयनं त्या दिवसापर्यंत क्वालिटीच्या ऑडिटरला तोंड दिलं होतं, पण असं कधी घामेजला नव्हता. "मॅडम, चूक झाली. बस सुटत होती. रिकामा रकाना दिसला आणि..."

"ही जागा माझी होती?"

"हो."

"खाडाखोड चालणार नाही?"

"नाय," काका म्हणाले. त्या क्षणीसुद्धा.

बाईंनी पेन उचललं आणि अभयच्या सहीच्या डोक्यावर, जी बोटभर जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात लिहिलं: 'करिता.'

काकांचे डोळे विस्फारले. साहेब जागेवर नसले की हाताखालचा माणूस 'करिता' लिहून त्यांच्या वतीनं सही करतो, हे सगळ्या कचेऱ्यांत चालतं. म्हणजे करुणा राजूरकर यांच्या करिता अभय. एक अक्षर खोडलं नाही, एक रेघ मारली नाही, आणि सही कायदेशीर झाली.

"आता पंच पाहिजे ना?" बाई म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी हजर नव्हते, आज समक्ष आहे." आणि त्यांनी पंचाच्या रकान्यात, तीच झोकदार, लॉजवरची सही केली. मग पेन शेऱ्याच्या रकान्याकडं नेऊन त्यांनी काकांकडं परवानगीसाठी बघितलं. काकांनी मान डोलावली. बाईंनी लिहिलं: 'त्रिंबकराव, लोभ असावा.'

नंबर बासष्टची बाई पुढं वाकून बघत होती. "आसं व्हय," ती म्हणाली, "मग घ्या की दोन मिन्टं जास्त."

परत येताना क्रांती चौकाच्या सिग्नलला अभयनं आरशात बघितलं तर काका रजिस्टर छातीशी धरून हसत होते, एकटेच, आणि बाजूच्या रिक्षावाल्याला ते बघून हसू येत होतं. घरी काकूंनी पान बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हंजे पोराच्या सहीशिवाय हे झालंच नसतं की."

तेवढ्यानं अभयच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काका ओट्यावर पेपर वाचायला बसले होते, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. अभय त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"काका, त्या दिवशी राहून गेलेल्या दोनशे तेरा नंबरला पंच मीच ना?"

काकांनी पेपर खाली न घेताच सांगितलं, "व्हय, पन मी बोट ठिवल्याबिगर पेन उघडायचं नाय."